वाचकांचे प्रश्न : लाल लुगड्यातली मरियामाता

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे ख्रिस्ती श्रद्धा आणि चित्रकला यांच्या नात्याविषयी आहेत. तिघांची गावे वेगळी आहेत, तिघांच्या अडचणीही वेगळ्या आहेत; तरी ती एकत्र वाचली तर एकमेकांना उत्तरे देतात असे वाटले, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवून या वेळी ही तीनच घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. माझी मुलगी चित्रकला महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला आहे. तिने मरियामातेचे चित्र काढले. त्यात मरियामाता आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायका नेसतात तशा लाल लुगड्यात, विहिरीच्या काठावर, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याची आहे. माझ्या सासूबाई रागावल्या. “देवाच्या आईला आपल्यासारखी कशाला काढतेस? ती सुंदर नको का?” असे त्यांचे म्हणणे. उलट महाविद्यालयातले सर म्हणाले, की विषयच कॅलेंडरचा आहे, त्यात चित्रकाराला करण्यासारखे काही उरत नाही. मुलगी दोन्ही बाजूंनी हिरमुसली आहे. सौंदर्याबद्दल आमची श्रद्धा चित्रकाराला नेमके काय सांगते?

उत्तर : सासूबाईंची तक्रार आधी घेऊ, कारण ती सरांच्या शेऱ्यापेक्षा जुनी आहे आणि अधिक खोलही आहे.

ख्रिस्ती धर्म ज्या ज्यू परंपरेतून आला तिच्यात देवाची प्रतिमा करण्याला स्पष्ट मनाई होती. मग ख्रिस्ती लोकांनी चित्रे कोणत्या आधारावर काढली, हा प्रश्न आठव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात इतका पेटला, की सम्राटांच्या आज्ञेने चर्चमधल्या प्रतिमा उतरवल्या गेल्या, फोडल्या गेल्या आणि भिंतींवर चुना फासला गेला. त्या वेळी प्रतिमांच्या बाजूने सर्वांत ठाम उभा राहिला तो दमास्कसचा योहान हा संन्यासी. त्याच्या युक्तिवादाचा आशय असा : अदृश्य देवाचे चित्र काढता येत नाही, हे मान्य, परंतु जो देव मनुष्य झाला, ज्याला भूक लागली, जो थकून विहिरीच्या काठावर बसला, त्याचे चित्र काढायला नकार देणे म्हणजे तो खरोखर देहात आला हेच नाकारणे होय. आपण पदार्थाची पूजा करत नाही, तर जो आपल्यासाठी स्वतः पदार्थरूप झाला त्या निर्मात्याची करतो, असेही त्याने लिहिले. ७८७ मध्ये निकियाच्या दुसऱ्या धर्मसभेने प्रतिमांचा पक्ष उचलून धरला, आणि मधल्या काळात पुन्हा बंदी येऊनही ८४३ मध्ये त्या कायमच्या परत आल्या.

चित्रकाराच्या दृष्टीने या वादातून निघालेली गोष्ट मोठी आहे. लाकूड, चुना, अंड्याच्या बलकात खललेला रंग या क्षुद्र वस्तू नाहीत, कारण देवानेच पदार्थाला जवळ केले आहे. त्याशिवाय देह घेणे म्हणजे कुठल्या तरी एका गावचा, एका भाषेचा, एका आईच्या दुधावर वाढलेला देह घेणे. सर्वसाधारण मनुष्य नावाचा देह कुणालाच नसतो. म्हणून ख्रिस्ती चित्रकाराला सौंदर्य शोधायचे ते या विशिष्टपणात, असे मला वाटते; तो पुसून गुळगुळीत केलेल्या चेहऱ्यात ते सापडत नाही.

सासूबाईंना जी खरी वाटते ती निळ्या झग्यातली, गोरीपान मरियामाता हीसुद्धा कुणाच्या तरी गावचीच आहे. फ्लँडर्सच्या, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, चित्रकारांनी तिला फ्लँडर्समधल्या घरात, तिथल्या खिडकीपाशी बसवले. इटलीतल्या चित्रकारांनी तिच्या मागे इटलीतल्या टेकड्या काढल्या. तो निळा रंगही नाझरेथहून आलेला नाही. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणींतल्या राजवर्त दगडापासून करत, सोन्याच्या तोडीचा महाग असे, आणि तो किती व कुठे वापरायचा हे कधीकधी गिऱ्हाईक करारातच लिहून घेई. जवळ असलेले सर्वांत मोलाचे तिला द्यावे, एवढाच त्याचा अर्थ. लाल लुगडे हेही आपल्या घरातले सणावाराचे वस्त्र असेल, तर मुलीने त्याच रीतीला धरून काम केले आहे.

आपल्या किनाऱ्यावरही हे नवे नाही. सतराव्या शतकात गोव्यात हस्तिदंताच्या ‘भल्या मेंढपाळा’च्या लहान मूर्ती घडत. त्यांतला बाळ येशू एका टेकडीवर मांडी घालून बसलेला असतो, गाल उजव्या हातावर टेकलेला, डोळे मिटलेले, कमरेला भोपळ्याचे पाणपात्र. मांडीवर आणि खांद्यावर कोकरे. आणि तळाशी गुहेत येशूची शिष्या मरिया मग्दालिया पोथी घेऊन आडवी झालेली. ही मिटलेल्या डोळ्यांची शांती युरोपातून आलेल्या कुठल्याही नमुन्यापेक्षा बुद्धमूर्तीला जवळची आहे, हे पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही. गंमत अशी, की गोव्याच्या प्रांतिक धर्मसभेने १५६७ मध्येच ख्रिस्ती प्रतिमांचे काम ख्रिस्तीतर कारागिरांना देऊ नये असा निर्बंध घातला होता. निर्बंध कागदावर राहिला असावा. हात आपल्या सवयीनेच चालले.

पण आपल्या मुलीने ज्यांचे काम मुद्दाम पाहावे ते आंजेलो द फोन्सेका. त्यांचा जन्म १९०२ मध्ये गोव्यात, तिसवाडीतल्या सांत इस्तेव्ह बेटावर झाला. वैद्यकीचे शिक्षण सोडून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, आणि तिथून शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्याकडे. गोव्यात परतून त्यांनी मरियामातेला साडी नेसवली तेव्हा पोर्तुगीज अमलाखालच्या समाजात त्यांच्यावर नेमका तोच आक्षेप आला जो आपल्या घरात आला. ते पुण्याला निघून आले आणि शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून काम करू लागले. आश्रम अँग्लिकन मंडळींनी स्थापलेला आणि चित्रकार कॅथलिक, हेही त्या काळात लहानसहान नव्हते. १९६७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च या संस्थेत आहे.

त्यांच्या चित्रांत साडी हा पोशाखाचा बदल नाही, आणि मी ज्याकडे मुलीचे लक्ष वेधू इच्छितो ते हेच. जलरंगाचे पातळ थर एकावर एक चढवत गेल्याने पदराची कड आणि मागची हवा एकमेकांत विरघळते. मरियामाता अनवाणी असते आणि तिची मान किंचित खाली, जशी ओळखीच्या बाईची कामातून क्षणभर थांबल्यावर असते. आदर राहतो तो या थांबण्यात. फोन्सेकांची सगळीच चित्रे या उंचीची नाहीत. काहींत केवळ युरोपीय रचनेला भारतीय कपडे चढवल्यासारखे वाटते, आणि तिथे चित्र लगेच पडते.

आता सरांचा शेरा. कॅलेंडरच्या चित्राचा दोष त्याच्या विषयात नसतो. चेहरा कसा असणार हे समोर पाहण्याआधीच ठरलेले असते, हा तो दोष आहे. तसा दोष फळांच्या टोपलीच्या चित्रातही येतो आणि अमूर्त चित्रातही. तेव्हा मुलीने एवढेच तपासावे, की विहिरीवर भिजलेला लुगड्याचा काठ कोरड्या निऱ्यांपेक्षा जड दिसतो आहे का. आणि सासूबाई कबूल होतील तर त्यांनाच तासभर समोर बसवावे. “आपल्यासारखी कशाला” या प्रश्नात केवळ राग नाही, आपण त्या योग्यतेचे नाही अशी एक नम्रताही आहे. ती चित्रात उतरली तर चित्राचे भलेच होईल.

प्रश्न : मी पुण्यात राहतो, ख्रिस्ती नाही, पण चित्रे आवडीने पाहतो. गोव्याच्या चर्चमध्ये क्रूसावरच्या ख्रिस्ताच्या मूर्ती पाहिल्या : सोललेले गुडघे, रक्ताचे ओघळ. नंतर एका पुस्तकात सूझा यांचे क्रूसारोहणाचे चित्र पाहिले आणि पान उलटावेसे वाटले. आपल्याकडे देवाची मूर्ती प्रसन्न असावी असे मानतात. वेदनेलाच मध्यभागी ठेवणाऱ्या श्रद्धेला सौंदर्याबद्दल काही म्हणायचे तरी असते का?

उत्तर : आपल्याला जे खटकले ते खुद्द ख्रिस्ती लोकांनाही शतकानुशतके खटकत आले आहे. पहिल्या तीन-चार शतकांत त्यांनी क्रूसावरचा ख्रिस्त जवळजवळ काढलाच नाही. रोमच्या भुयारी दफनभूमींत दिसतो तो कोकरू खांद्यावर घेतलेला तरुण मेंढपाळ. क्रूस ही गुलामांना आणि बंडखोरांना द्यायची शिक्षा होती, आणि ती डोळ्यांनी पाहिलेली पिढी जिवंत असताना तिचे चित्र भिंतीवर लावणे कुणाला सुचले नसेल.

बायबलमध्येच दोन टोके आहेत. पंचेचाळिसाव्या स्तोत्रातला राजा सगळ्या माणसांहून देखणा आहे, आणि हे वर्णन ख्रिस्ताला लावले गेले. यशया या संदेष्ट्याच्या पुस्तकातल्या त्रेपन्नाव्या अध्यायातल्या सेवकाला मात्र रूप नाही, शोभा नाही, लोक त्याच्यापासून तोंड फिरवतात. आणि तेही ख्रिस्तालाच लावले गेले. दोन्ही वचने एकाच व्यक्तीबद्दल खरी कशी, याचा विचार संत ऑगस्टिनने केला. ज्या प्रेमामुळे रूप गेले ते प्रेमच रूपवान आहे, अशा अर्थाकडे तो येतो. विचार म्हणून हे पटते. डोळ्यांना पटवायचे काम चित्रकारांवर आले.

ते ज्याने सर्वांत कठोरपणे केले त्याचे चित्र आज फ्रान्समध्ये कोल्मार गावच्या उंटरलिंडेन संग्रहालयात आहे. माथियास ग्र्युनेवाल्ड याने साधारण १५१२ ते १५१६ या काळात ते इझेनहाइमच्या मठासाठी केले. हा मठ संत अँथनीच्या पंथाचा होता आणि तिथे ‘संत अँथनीचा अग्नी’ म्हटल्या जाणाऱ्या रोगाचे रुग्ण येत. राय धान्यावर येणाऱ्या बुरशीमुळे होणारा हा रोग. अंगाची आग होई, कातडी काळी पडे, हातपाय झडत. आलेल्या रुग्णाला या वेदीचित्रासमोर आणत, असे मानले जाते.

रुग्णाला समोर काय दिसे, ते पाहू. क्रूसाची आडवी फळी वजनाने धनुष्यासारखी वाकली आहे. हाताची बोटे खिळ्याभोवती वर ताठरून काट्यांसारखी पसरली आहेत. पाय सुजले आहेत, ओठ निळसर आहेत, आणि हिरवट झालेल्या सगळ्या कातडीत काटे रुतून जागोजाग फोड उठले आहेत. म्हणजे त्या माणसाला आपलेच अंग दिसे. ही वेदी दारांसारख्या फळ्यांची आहे. साध्या दिवशी ती मिटलेली असे आणि सणाला उघडत. उघडली की आत ख्रिस्तजन्म, आणि उजवीकडे पुनरुत्थित ख्रिस्त पिवळ्या-तांबड्या तेजोगोलात वर उठताना. त्याची कातडी आता स्वच्छ आहे, मात्र हातांवरच्या जखमा तशाच आहेत. त्या लपवलेल्या नाहीत, पुढे करून दाखवलेल्या आहेत. मला सर्वांत आत लागते ती मात्र एक बारीक गोष्ट : ख्रिस्तजन्माच्या भागात आईच्या हातातल्या बाळाला गुंडाळलेले कापड फाटके, चिंध्या झालेले आहे, आणि क्रूसावरच्या कमरेचे कापडही अगदी तसेच. शेजारी लाकडी टब आणि बाळंतिणीच्या खोलीतले भांडेसुद्धा काढले आहे, वर देवदूतांचे वाद्यवृंद चालू असताना.

आपल्या रसशास्त्रात करुण हाही रसच आहे, आणि नाटकातल्या दुःखाने प्रेक्षकाला आनंद का होतो याची उत्तम मीमांसा आपल्याकडे झाली आहे. पण तिच्यात एक अंतर गृहीत धरलेले असते. दुःख माझे नाही, समोरच्या पात्राचेही नाही, ते कुणा एकाचे न राहता साधारण झालेले आहे, म्हणून आस्वाद घेता येतो. इझेनहाइमच्या रुग्णाला ते अंतर नव्हते. त्याला आस्वाद नको होता. आपल्या सडणाऱ्या अंगाकडे कुणीतरी तोंड न फिरवता पाहिले आहे, इतकेच हवे होते. ग्र्युनेवाल्डने प्रत्येक फोड ज्या काळजीने रंगवला आहे ती काळजी हेच मला या चित्राचे सौंदर्य वाटते. आपल्याला हे सौंदर्य या शब्दात बसत नाही असे वाटत असेल, तर शब्दावर मी अडून बसणार नाही.

आता फ्रान्सिस न्यूटन सूझा. ते साळगावचे, जन्म १९२४. लहानपणी देवीच्या आजारातून वाचले म्हणून आईने संत फ्रान्सिस झेवियरच्या नावावरून फ्रान्सिस हे नाव जोडले. जे. जे. मधून काढून टाकले गेले, १९४७ मध्ये त्यांच्या पुढाकाराने प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा आधुनिक चित्रकारांचा गट उभा राहिला, आणि पुढे ते लंडनला गेले. आपण पाहिलेले क्रूसारोहण बहुधा १९५९ चे, आता लंडनच्या टेट संग्रहात असलेले असावे : काळ्या, काटेरी रेषांनी जखडलेला देह. सूझा रूढ अर्थाने भाविक नव्हते आणि पाद्र्यांवर त्यांनी चित्रांतून पुष्कळ दात काढले आहेत. मात्र ज्या सोललेल्या गुडघ्यांच्या मूर्ती आपण पाहिल्या त्याच त्यांनी बालपणी पाहिल्या होत्या, आणि त्या त्यांच्या हातातून कधी सुटल्या नाहीत. त्यांच्या चित्रात सांत्वन नाही. इझेनहाइमची दारे मिटलेलीच राहिली आहेत म्हणा. आपल्याला पान उलटावेसे वाटले यात चित्राचा पराभव नाही, आणि आपलाही नाही. पण एकदा फोन्सेका आणि सूझा शेजारी ठेवून पाहावे. दोघे गोव्याचे, दोघे कॅथलिक घरांतले, दोघे जे. जे. मध्ये जाऊन आलेले. एकाला स्तोत्रातला देखणा राजा दिसला आणि दुसऱ्याला यशयाचा सेवक.

प्रश्न : मी अहिल्यानगरचा. आमची मंडळी प्रॉटेस्टंट, प्रार्थनामंदिराच्या भिंती कोऱ्या. आजोबा चित्राला मूर्तिपूजेची पहिली पायरी म्हणत. मी हौसेने निसर्गचित्रे काढतो. आमच्या परंपरेत कलावंताला जागा नाही असेच समजायचे का?

उत्तर : जागा आहे, ती भिंतीवर नाही, इतकेच. सोळाव्या शतकात हॉलंडमधल्या चर्चमधून चित्रे हटवली गेली, भिंतींवर चुना लागला, आणि चित्रकार उपाशी मरायच्या ऐवजी लोकांच्या घरांत शिरले. पुढच्या शतकातली पाव, लिंबू आणि काचेचा पेला यांची चित्रे, झाडून काढलेल्या अंगणांची चित्रे, सपाट जमिनीवरचे मोठे आभाळ, हे सगळे त्या कोऱ्या भिंतींच्या काळातले आहे. बायबलमधल्या ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव आपली निर्मिती पाहतो आणि ती चांगली आहे असे म्हणतो. त्या ‘चांगली’साठी जुन्या ग्रीक भाषांतरात जो शब्द आहे त्याचा अर्थ सुंदर असाही होतो. पावाचे चित्र काढायला एवढा आधार पुरतो. त्याच काळातला डच चित्रकार रेम्ब्रांट याचे दिवाळे निघाल्यावर १६५६ मध्ये त्याच्या घरातल्या सामानाची यादी झाली, तीत ‘ख्रिस्ताचे मस्तक, प्रत्यक्षावरून’ अशी एक नोंद आहे. ख्रिस्त प्रत्यक्षावरून कसा काढणार? त्याने कुणातरी जिवंत तरुणाला समोर बसवले असावे. आणि रेम्ब्रांट राहत होता तो अॅमस्टरडॅमचा ज्यूंची वस्ती असलेला भाग; म्हणजे तो तरुण बहुधा येशूसारखाच ज्यू.

आणि आपल्या नगरात रेव्हरंड नारायण वामन टिळक होऊन गेले असताना हा प्रश्न आपण मला विचारावा, याचे मला थोडे नवल वाटले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यानंतर त्यांनी मराठी ख्रिस्ती उपासनेत अभंग आणले, भजन आणले, कीर्तन आणले. परदेशी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांनी मराठी माणसाचे मन भिजत नाही, हे त्यांनी ओळखले होते. फोन्सेकांनी रंगांत केले ते त्यांनी आधीच शब्दांत केले होते, आणि त्याहीआधी इंग्लंडहून गोव्यात आलेले जेझुइट धर्मगुरू फादर स्टीफन्स यांनी १६१६ च्या ख्रिस्तपुराणात, ओवीचा हात धरून. पण टिळकांना महाराष्ट्राने नाव दिले ते फुलामुलांचे कवी असे. कुणी पाहणार नाही अशा ठिकाणी उमललेल्या रानफुलापाशी थांबून त्याच्याशी बोलणारा हा कवी आपल्याच मंडळीतला पाळक होता. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहिले. ते ख्रिस्ती झाले नाहीत, आणि निसर्गाकडे पाहण्याची त्यांची नजर टिळकांपेक्षा अगदी निराळी राहिली.

आपण कोणत्या ऋतूत चित्रे काढता ते लिहिले नाही. नगरकडचे उन्हाळ्यातले माळरान हा अवघड विषय आहे; हिरवा जवळजवळ वापरताच येत नाही आणि दुपारी सावल्या नाहीशा होतात. जमल्यास एखाद्या चित्राचे छायाचित्र पाठवावे.